टोकियोच्या स्वस्त प्रभागांत परदेशी म्हणून राहणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी किंवा शिक्षणासाठी टोकियोत येणाऱ्या मराठी मंडळींकडून घराविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर शहराच्या पूर्वेकडील आणि उत्तरेकडील प्रभागांवर आहे, कारण मोजक्या पैशांत घर शोधणाऱ्या बहुतेकांची पावले शेवटी तिकडेच वळतात. प्रवासी म्हणून आठ दिवस राहणाऱ्यांसाठी ही माहिती नाही.

स्वस्त प्रभाग म्हणजे नेमके कोणते?

टोकियो शहराचे २३ विशेष प्रभाग आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा निवडून आलेला प्रमुख व स्वतःची सभा आहे. त्यांपैकी आदाची, काट्सुशिका आणि एदोगावा हे पूर्वेकडचे तीन प्रभाग भाड्याच्या यादीत वर्षानुवर्षे तळाशी असतात. त्यांच्या किंचित वर उत्तरेकडचे इताबाशी, नेरिमा आणि किता हे प्रभाग येतात. एका माणसाला पुरेल अशी वीस चौरस मीटरच्या आसपासची खोली या भागांत साधारण ६० ते ८० हजार येनांपर्यंत मिळते. तेवढ्याच जागेला मिनातोसारख्या मध्यवर्ती प्रभागात लाखाच्या वर मोजावे लागतात.

मात्र प्रभागाचे नाव पाहून भाव ठरवू नये. आदाचीतील किता-सेंजू हे स्थानक पाच रेल्वेमार्गांचे जंक्शन आहे, २०१२ मध्ये तेथे एक मोठे तंत्रविद्यापीठ आले आणि तेव्हापासून त्या परिसराचा भाव चढत गेला. त्याच प्रभागात बसनेच पोहोचता येईल अशा वस्तीत भाडे बरेच उतरते. टोकियोत भाडे ठरते ते स्थानकापासून पायी किती मिनिटे लागतात यावर. प्रभागाचा विचार त्यानंतर.

या भागांत घरे स्वस्त का आहेत? काही खोट आहे का?

खोट म्हणण्यापेक्षा कारणे आहेत, आणि ती निरनिराळी आहेत. जमीन सखल आहे आणि पुराची भीती आहे. इमारती जुन्या आहेत. एकाच गर्दीच्या रेल्वेमार्गावर सारी वस्ती अवलंबून आहे. किंवा कारखाने आणि कामगारांची वस्ती म्हणून पडलेले जुने नाव अद्याप पुसले गेलेले नाही. यांतले शेवटचे कारण तुमच्या फायद्याचे आहे, कारण दुसऱ्यांच्या पूर्वग्रहामुळे तुमचे भाडे कमी होते. उरलेल्या तिघांची किंमत मात्र तुम्हाला कोणत्या ना कोणत्या रूपात चुकवावी लागते. म्हणून घर पाहताना ‘हे स्वस्त आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘हे कशामुळे स्वस्त आहे’ हा प्रश्न दलालाला सरळ विचारावा. बहुतेक दलाल त्याचे प्रामाणिक उत्तर देतात, कारण काही गोष्टी सांगणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.

आदाची धोकादायक आहे असे सगळेच म्हणतात. खरे काय?

सगळे म्हणतात ते वीस वर्षांपूर्वीचे आहे. २००१ मध्ये आदाचीत वर्षभरात सोळा हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले होते. त्यानंतर प्रभाग प्रशासन आणि पोलिसांनी मिळून प्रयत्न केले. २००८ पासून ‘ब्यूटिफुल विंडोज’ नावाची मोहीम चालवली, जिच्यात रस्त्यावरचा कचरा उचलण्यापासून फुलझाडे लावण्यापर्यंत साऱ्याचा समावेश होता. अलीकडच्या वर्षांत नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा त्या शिखराच्या जवळजवळ पाव भागावर आला आहे. जे गुन्हे उरले त्यांत सायकलचोरीचा वाटा मोठा आहे.

रात्री उशिरा स्थानकावरून एकटीने घरी चालत जाणाऱ्या मुली या प्रभागांत रोज दिसतात. सायकलीला मात्र दोन कुलुपे लावावीत. सायकल विकत घेतानाच चोरीविरोधी नोंदणी करून घ्यावी लागते, आणि एप्रिल २०२० पासून टोकियोत सायकलस्वाराला अपघात-दायित्वाचा विमा सक्तीचा आहे. रात्री पोलीस चौकीसमोर हटकले गेल्यास तो अपमान समजू नये; सायकल तुमच्याच नावावर आहे ना, एवढेच ते बहुधा पाहतात. निवासपत्र, म्हणजे झाइर्यू कार्ड, मात्र सोळा वर्षांवरील प्रत्येक परदेशी रहिवाशाने सदैव जवळ बाळगावे, असा कायदा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जाताना ते घरी राहिले, ही सबब चालत नाही.

परदेशी आहे म्हणून घर नाकारले जाते का?

होय, आणि ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितलेली बरी. न्याय मंत्रालयाने २०१६ मध्ये परदेशी रहिवाशांची देशव्यापी पाहणी केली होती. मागील पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांनी, परदेशी असल्याच्या कारणावरून आपल्याला घर नाकारले गेल्याचे सांगितले. जपानी हमीदार नाही म्हणून नकार मिळालेल्यांचे प्रमाण ४१.२ टक्के होते.

प्रत्यक्षात हे घडते ते असे. तुम्ही दलालाच्या टेबलासमोर बसलेले असता, यादीतील एक घर पसंत पडते, तो तुमच्यासमोरच घरमालकाच्या व्यवस्थापन कंपनीला फोन लावतो आणि पहिल्याच वाक्यात आवाज जरा खाली आणून ‘ग्राहक परदेशी आहेत, पण...’ असे म्हणतो. त्यानंतर तो तुमचा व्हिसा, कंपनीचे नाव आणि तुम्ही जपानी कितपत बोलता एवढे सांगतो. पलीकडचे उत्तर लांबले तर आशा असते. लगेच आभार मानून फोन ठेवला गेला, तर दलाल काही न बोलता यादीचे पान उलटतो. पाच-सहा घरांमागे अशी दोन-तीन पाने उलटली जाणे ही नेहमीची बाब आहे, आणि ते मनाला लावून घेऊ नका असे सांगणे सोपे असले तरी पहिल्या दिवशी ते मनाला लागतेच.

घरमालकांच्या शंका ठरावीक असतात : कचऱ्याचे नियम पाळले जातील का, एकाच्या नावावर चौघे राहायला येतील का, भाडे थकवून माणूस मायदेशी निघून जाईल का. या शंकांना आधीच उत्तर मिळेल अशी कागदपत्रे बरोबर ठेवली की फोन लांबण्याची शक्यता वाढते. नोकरीचा करार, पगाराचा पुरावा, जपानमध्ये राहणाऱ्या आणि जपानी बोलणाऱ्या एका संपर्क व्यक्तीचे नाव आणि जपानी मोबाइल क्रमांक ही किमान तयारी असावी. गंमत अशी की ज्या प्रभागांना शहर नाके मुरडते, तेथील घरमालकांना परदेशी भाडेकरूंची सवय जास्त असते. शहराच्या उच्चभ्रू भागापेक्षा एदोगावात तुम्हाला होकार लवकर मिळू शकतो.

जपानी हमीदार कोठून आणायचा?

बहुतेक वेळा आणावा लागत नाही. आज बहुसंख्य घरमालक व्यक्तीऐवजी हमी कंपनी मागतात आणि ती कोणती हेही तेच ठरवतात. ही कंपनी सुरुवातीला साधारण अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतके शुल्क घेते आणि पुढे दरवर्षी थोडी रक्कम. तुम्ही भाडे थकवले तर ती मालकाला पैसे देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. तिच्याकडून पडताळणीचा फोन येतो. तो चुकवू नये, कारण फोन न उचलणे एवढ्यावरूनही अर्ज बाद होतो.

हमीचा प्रश्नच नको असेल तर यूआर या निमसरकारी संस्थेची घरे पाहावीत. तेथे हमीदार, मालकाला द्यायचे ‘आभारधन’, दलाली आणि करार पुढे चालू ठेवण्याचे नूतनीकरण शुल्क यांपैकी काहीही लागत नाही. दोन महिन्यांची अनामत तेवढी लागते. योग्य निवासदर्जा असलेल्या परदेशी व्यक्तीला अर्ज करता येतो. कुटुंबासाठी भाडे ८२,५०० येनांपेक्षा कमी असेल तर मासिक उत्पन्न भाड्याच्या चौपट असावे ही मुख्य अट असते, आणि उत्पन्न कमी पण शिल्लक बरी असेल तर भाडे आगाऊ भरण्याचाही मार्ग आहे. या वसाहती मोठ्या आणि जुन्या असतात. इताबाशीतील ताकाशिमादाइरा ही १९७२ मध्ये सुरू झालेली वसाहत दहा हजारांहून अधिक घरांची आहे. तिथल्या लिफ्ट आणि मोऱ्या जुन्या वळणाच्या आहेत, पण खोल्या हवेशीर आहेत आणि ‘परदेशी आहेत, पण’ हे वाक्य तेथे ऐकावे लागत नाही. माझ्या मते कुटुंबासह येणाऱ्याने पहिली चौकशी येथेच करावी.

याशिवाय २०१७ च्या ऑक्टोबरपासून एक सरकारी नोंदणी योजना आहे. वृद्ध, अपंग, परदेशी अशा ज्यांना घर सहज मिळत नाही त्यांचे स्वागत करणारी घरे तीत नोंदवलेली असतात. विद्यार्थ्यांसाठी पहिल्या सहा महिन्यांपुरते सामायिक घरही वाईट नाही.

भाडे कमी असूनही सुरुवातीला इतके पैसे का लागतात?

कारण भाडे हा त्या बेरजेतील केवळ एक आकडा असतो. पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, एका महिन्याची अनामत म्हणजे शिकीकिन, मालकाला परत न मिळणाऱ्या स्वरूपात द्यायचे आभारधन म्हणजे रेइकिन, एका महिन्यापर्यंतची दलाली व तिच्यावरील कर, हमी कंपनीचे शुल्क, दोन वर्षांचा आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च. हे सारे धरून भाड्याच्या चार ते सहा पट रक्कम किल्ली हाती येण्यापूर्वी भरावी लागते. ७० हजारांच्या खोलीसाठी तीन ते चार लाख येन बाजूला काढून ठेवावेत. शिवाय दर दोन वर्षांनी करार पुढे चालू ठेवताना बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतके नूतनीकरण शुल्क द्यावे लागते.

खोली रिकामी मिळते, आणि रिकामी म्हणजे अक्षरशः रिकामी. छताला दिवा नसतो, खिडकीला पडदा नसतो, कित्येकदा गॅसची शेगडीही नसते. संध्याकाळी सामान घेऊन पोहोचलात तर पहिली रात्र मोबाइलच्या उजेडात जाते. वीज आणि पाणी फोनवर किंवा ऑनलाइन सुरू होते, पण गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि तेव्हा तुम्हाला घरी हजर राहावे लागते. ती वेळ आठवडाभर आधी ठरवावी.

जाहिरातीत आजूबाजूच्या घरांपेक्षा फारच स्वस्त घर दिसले. घ्यावे का?

चार गोष्टी तपासून घ्यावे.

पहिली, करार साधा आहे की मुदतीचा. साध्या करारात भाडेकरूचे संरक्षण भक्कम असते आणि सबळ कारणाशिवाय मालक नूतनीकरण नाकारू शकत नाही. मुदतीचा करार, ज्याची तरतूद २००० पासून आहे, मुदत संपताच संपतो. पुढे राहायचे असल्यास नवा करार आणि नवे भाडे.

दुसरी गोष्ट गॅसची. जुन्या स्वस्त इमारतींत नळाने येणाऱ्या शहरी गॅसऐवजी इमारतीमागे उभ्या केलेल्या सिलिंडरांचा प्रोपेन गॅस असतो आणि त्याचा दर बराच जास्त असतो. जपानी हिवाळ्यात आंघोळीचे पाणी रोज तापवणाऱ्या आणि दोन वेळचा स्वयंपाक घरी करणाऱ्या कुटुंबाला भाड्यात वाचलेले पैसे गॅसच्या बिलात घालावे लागतात.

तिसरी, त्या खोलीत पूर्वी कोणाचा अनैसर्गिक मृत्यू झाला आहे का. अशी घरे उघडपणे कमी भाड्याने दिली जातात. २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार भाड्याच्या घराबाबत साधारण तीन वर्षांपर्यंत दलालाने ही माहिती आपणहून द्यावी. त्यानंतरही विचारल्यास खरे सांगणे अपेक्षित आहे. काहींना याचे काहीच वाटत नाही आणि त्यांची चांगली बचत होते.

चौथी गोष्ट म्हणजे अनामत शून्य, आभारधन शून्य अशी जाहिरात. अशा करारात वर्षाच्या आत घर सोडल्यास दंड आणि सोडताना ठरावीक सफाई शुल्क लिहिलेले असते. ते वाचून सही केली तर व्यवहार वाईट नसतो.

पुराचा धोका कितपत खरा आहे?

पूर्णपणे खरा आहे, आणि या पानावरील सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे.

एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीपेक्षा खाली आहे. पूर्व टोकियोतून वाहणारी आजची आराकावा नदी मुळात खोदलेला कालवा आहे. १९१० च्या महापुरानंतर शहर वाचवण्यासाठी तो खोदायला घेतला आणि १९३० मध्ये पूर्ण झाला. तरीही १९४७ च्या कॅथलीन वादळात वरच्या भागातील बंधारा फुटून काट्सुशिका, आदाची आणि एदोगावा पाण्याखाली गेले. पुढे कारखान्यांनी भूजल उपसल्यामुळे जमीन आणखी खचली.

सुमिदा, कोतो, आदाची, काट्सुशिका आणि एदोगावा या पाच प्रभागांनी २०१८ मध्ये एकत्रित योजना जाहीर केली. सर्वांत वाईट स्थितीत सुमारे २५ लाख लोकांच्या वस्तीत पाणी शिरेल आणि काही ठिकाणी ते दोन आठवड्यांहून अधिक काळ ओसरणार नाही, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. एदोगावाने २०१९ मध्ये घरोघरी वाटलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर आपल्याच प्रभागाच्या चित्रावर ‘येथे थांबणे योग्य नाही’ अशा अर्थाचे शब्द छापले. प्रशासनाने एवढे रोखठोक बोलावे याचे तेव्हा आश्चर्य झाले, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आले, आराकावाची पातळी धोकादायक चढली, एदोगावातील मोठ्या भागाला स्थलांतराची सूचना द्यावी लागली, आणि मग कोणी हसले नाही.

याचा घर शोधण्याशी थेट संबंध असा : ऑगस्ट २०२० पासून करारापूर्वी दलालाने प्रभागाच्या पूर-नकाशावर ते घर कोठे येते हे दाखवणे कायद्याने आवश्यक आहे. तो नकाशा घाईने पुढे सरकवू देऊ नका. तळमजल्याची खोली हजार-दोन हजारांनी स्वस्त असते. पूर्व टोकियोत ती बचत करू नये. तिसऱ्या किंवा त्यावरच्या मजल्यावर राहात असलात, तरी दोन आठवडे वीज आणि शौचालयाविना राहणे कठीण आहे. म्हणून वादळाचा इशारा मिळताच एक-दोन दिवस आधी प्रभागाबाहेर कोणाकडे जायचे हे ठरवलेले असावे. यासाठी शहराच्या पश्चिमेकडे राहणारा एखादा मित्र असणे उपयोगी पडते.

आणि भूकंप?

जून १९८१ मध्ये इमारतींचे भूकंपविषयक नियम कडक झाले. त्यानंतर बांधकाम परवानगी मिळालेली इमारतच घ्यावी; लाकडी घर असेल तर २००० नंतरचे अधिक चांगले, कारण त्या वर्षी लाकडी बांधकामाचे नियम पुन्हा सुधारले. टोकियो महानगर प्रशासन प्रत्येक वस्तीची भूकंप-जोखीम पाच श्रेणींत जाहीर करते. आराकावा (नदीच्याच नावाचा प्रभाग), सुमिदा आणि आदाचीतील दाट लाकडी घरांच्या, अरुंद गल्ल्यांच्या वस्त्या त्यात सर्वाधिक धोक्याच्या श्रेणीत येतात, आणि तेथे भीती हादऱ्याइतकीच आगीची असते. प्रभाग तोच असला तरी दोन वस्त्यांमधला फरक मोठा असतो, म्हणून वस्तीच्या क्रमांकापर्यंत जाऊन नकाशा पाहावा.

रोजचा प्रवास किती त्रासाचा आहे?

मार्गावर अवलंबून आहे. एदोगावातून शहराच्या मध्यभागी जाणारी तोझाई मार्गिका एकेकाळी गर्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाई. २०१९ मध्ये तिच्या सर्वांत भरलेल्या टप्प्यावर क्षमतेच्या १९९ टक्के प्रवासी होते. आदाचीच्या पश्चिम भागात २००८ मध्ये सुरू झालेली निप्पोरी-तोनेरी लाइनर ही छोटी चालकरहित गाडी २०२३ मध्ये १७१ टक्क्यांसह देशातील सर्वांत गर्दीची मार्गिका ठरली. गाडी आल्यामुळे वस्ती वाढली आणि वस्ती वाढल्यामुळे गाडी अपुरी पडली.

प्रवासाचा पास बहुतेक कंपन्या स्वतः देतात. त्यामुळे लांब राहण्याचा पैशांचा भार तुमच्यावर पडत नाही, वेळेचा मात्र पडतो. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वेगळा करावा, कारण त्यांना सवलतीचा पास मिळाला तरी तो स्वतःच्याच खिशातून काढावा लागतो. घर ठरवण्यापूर्वी एकदा सकाळी आठ वाजता त्या स्थानकावर उभे राहून पाहा. रविवारी दुपारी पाहिलेली गाडी ही वेगळीच गाडी असते.

घर मिळाल्यावर पहिल्यांदा काय करावे?

राहायला आल्यापासून १४ दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा. न नोंदवल्यास दोन लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो आणि ९० दिवस उलटल्यास निवासदर्जाही धोक्यात येतो. कंपनीचा आरोग्य विमा नसेल तर त्याच भेटीत राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंद करावी. मग दवाखान्यात खर्चाचा तीस टक्के वाटा तुमचा. मुले असतील तर त्यांचे वैद्यकीय पत्रही तेथेच मिळते. २३ प्रभागांत एप्रिल २०२३ पासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांचे विम्यांतर्गत उपचार मोफत आहेत, ही गोष्ट पुष्कळ नव्या कुटुंबांना माहीत नसते.

कचऱ्याचा एवढा बाऊ का केला जातो?

कारण शेजाऱ्यांना तुमच्याविषयी कळणारी ती पहिली आणि बराच काळ एकमेव गोष्ट असते. जळणारा कचरा साधारण आठवड्यातून दोनदा, पुनर्वापराचा एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. प्रत्येक वस्तीचे वार वेगळे, आणि सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी ठेवायचा. पिशवी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक हवी. मोठ्या वस्तूंसाठी आधी नोंद करून, दुकानातून शुल्काची चिठ्ठी विकत घेऊन ती वस्तूवर चिकटवावी लागते. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी उचलली जात नाही. तिच्यावर कारण लिहिलेला कागद चिकटवला जातो आणि ती सर्वांच्या नजरेसमोर तशीच राहते. मग वरच्या मजल्यावरचा परदेशी भाडेकरू निर्दोष असला तरी संशय पहिल्यांदा त्याच्यावर जातो. हे अन्यायाचे आहे, पण आहे. पहिल्या महिन्यात कचरा घेऊन जाताना कोणी भेटले तर थांबून नमस्कार करावा. ही पिशवी कोणाची, हे लोकांच्या लक्षात राहते.

शेजाऱ्यांशी संबंध कसे असतात?

आपण होऊन कोणी दार ठोठावत नाही. नव्या भाडेकरूने डाव्या-उजव्या आणि खालच्या घरी टॉवेल किंवा बिस्किटांचा लहानसा डबा घेऊन जाऊन नाव सांगण्याची पद्धत शहरात मागे पडत चालली आहे, पण पूर्वेकडच्या जुन्या वस्त्यांत ती अजून चांगली समजली जाते. लाकडी दुमजली इमारतीत भिंती इतक्या पातळ असतात की पलीकडच्या फोनची थरथरही ऐकू येते. रात्री दहानंतर कपडे धुण्याचे यंत्र, मायदेशी मोठ्याने चाललेला व्हिडिओ कॉल आणि मिक्सर या तीन गोष्टींवरून तक्रार येते. ती समोरासमोर येत नाही, व्यवस्थापन कंपनीच्या पत्रातून येते, आणि पत्र इमारतीतील सर्वांना उद्देशून असते. आपल्याच दाराशी ते दोनदा आले तर ते आपल्यासाठी आहे असे समजावे.

काही गल्ल्यांत मोहल्ला समितीची फिरती पाटी येते. क्लिप लावलेल्या पाटीवर कवायतीची सूचना, उत्सवाची वर्गणी, हरवलेल्या मांजराचा फोटो असे कागद असतात. ते पाहून आपल्या नावापुढे खूण करायची आणि पाटी पुढच्या दाराशी ठेवायची. सदस्यत्व ऐच्छिक असते. दोन-चारशे येनांच्या मासिक वर्गणीत आपत्तीच्या वेळी तुमचे नाव माहीत असलेली माणसे मिळतात, म्हणून ते घ्यावे असे मी सुचवेन. सार्वजनिक स्नानगृहे अजून टिकून असलेले हे प्रभाग आहेत. २०२४ मध्ये ५५० येन दर झालेल्या त्या गरम पाण्याच्या हौदात, अंग आधी घासून धुऊन मग उतरणाऱ्या परदेशी माणसाशी म्हातारी मंडळी आपणहून बोलू लागतात.

निशि-कासाईला भारतीय वस्ती आहे. तेथेच राहावे का?

एदोगावातील निशि-कासाई आणि कासाई परिसरात २००० च्या सुमारास, संगणकातील वर्षबदलाच्या (वाय-टू-के) प्रश्नासाठी आलेले भारतीय अभियंते स्थिरावले, कारण तोझाई मार्गिकेने शहराच्या मध्यभागातील ओतेमाचीची कार्यालये वीसेक मिनिटांत गाठता येत होती आणि यूआरच्या घरांना हमीदार लागत नव्हता. आज देशातील कोणत्याही नगरपालिका-प्रभागापेक्षा जास्त भारतीय एदोगावात राहतात. डाळ, मसाले, शाकाहारी जेवण आणि हिंदी-मराठी बोलणारी माणसे येथे सहज मिळतात. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक हे जपानी नागरिकत्व घेतल्यानंतर २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले.

लहान मूल असलेल्या आणि नव्याने आलेल्या कुटुंबाला ही जागा सोयीची आहे, विशेषतः दोघांपैकी एकजण दिवसभर घरी असेल तर. मात्र मागणी वाढल्यामुळे स्थानकाजवळची घरे आता फारशी स्वस्त राहिलेली नाहीत. शिवाय पाच वर्षे राहूनही दुकानदारापलीकडे जपानी बोलण्याची वेळ न आलेली माणसे येथे भेटतात. एकटे असाल आणि भाषा शिकायची असेल तर काट्सुशिकातील कानामाची, कामेआरी किंवा इताबाशीकडे पाहावे आणि डाळीसाठी महिन्यातून एकदा निशि-कासाईला यावे.

मुलांच्या शाळेचे काय?

परदेशी पालकांवर सक्ती नसली तरी अर्ज केल्यास सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत प्रवेश मिळतो. शिकवणी आणि पाठ्यपुस्तके मोफत असतात. दुपारचे जेवणही २०२३ मध्ये काट्सुशिकाने मोफत केले आणि पाठोपाठ इतर प्रभागांनी तोच मार्ग धरला. शाकाहारी मुलाला बहुधा डबा न्यावा लागतो. हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवावे. भारतीय अभ्यासक्रम हवा असेल तर कोतो आणि एदोगावात २००४ आणि २००६ पासून अशा शाळा आहेत, पण त्यांचे शुल्क भरताना स्वस्त प्रभागात राहून वाचवलेले सारे खर्ची पडते. दोन-तीन वर्षांत परतायचे असल्यास भारतीय शाळा आणि राहायचे असल्यास जपानी शाळा, हा साधा निकष बहुतेकांना पुरतो.

जपानी येत नसेल तर निभावते का?

प्रभाग कार्यालयात निभावते, दवाखान्यात कसेबसे निभावते, घराच्या करारात निभावत नाही. बहुतेक प्रभागांत स्वयंसेवकांचे जपानी वर्ग मोफत किंवा नाममात्र शुल्कात चालतात. तेथे शिकवायला येणाऱ्या निवृत्त गृहस्थांपैकी एखादा पुढे पत्रे वाचून द्यायला, क्वचित संपर्क व्यक्ती म्हणून नाव द्यायलाही तयार होतो.

दुसऱ्या वर्षी हातात कमी पगार का येतो?

रहिवासी करामुळे. १ जानेवारीला तुमचा पत्ता जेथे असतो तेथे, मागील वर्षाच्या उत्पन्नावर, सुमारे दहा टक्के दराने हा कर आकारला जातो आणि जूनपासून पगारातून कापला जातो. पहिल्या वर्षी मागील वर्षाचे जपानी उत्पन्नच नसल्यामुळे तो लागत नाही. राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हप्ताही याच पद्धतीने ठरतो. पहिल्या वर्षाच्या पगारावर विसंबून महागडे घर घेतलेल्यांची दुसऱ्या जूनमध्ये तारांबळ उडते. मध्येच देश सोडल्यास उरलेला कर माफ होत नाही, तो भरण्याची व्यवस्था करून जावे लागते.

परदेशी रहिवाशाला प्रभागाच्या निवडणुकीत मत देता येते का?

नाही. कर द्यावा लागतो, मत मात्र नागरिकत्वाशिवाय नाही.

घर सोडताना अनामत परत मिळते का?

बरीचशी मिळायला हवी. एप्रिल २०२० पासून नागरी कायद्यातच म्हटले आहे की नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि काळाच्या ओघात आलेले जुनेपण यांची भरपाई भाडेकरूने द्यायची नाही. उन्हाने उडालेला भिंतीचा रंग किंवा कपाटाच्या पायांचे जमिनीवर पडलेले ठसे याच सदरात येतात. सिगारेटचे डाग, आणि पाणी साठू दिल्यामुळे आलेली बुरशी मात्र तुमच्या खात्यात मोडते. आपल्या स्वयंपाकाच्या बाबतीत वाद होतो तो फोडणीच्या तेलाने चिकट झालेल्या भिंतीवरून. चुलीमागे पहिल्याच दिवशी शंभर येनांच्या दुकानातील ॲल्युमिनियमचा पडदा लावला आणि पंखा नेहमी चालू ठेवला तर तो वाद टळतो.

राहायला आल्याच्या दिवशी प्रत्येक भिंत, फरशी आणि मोरीचे तारखेसह फोटो काढून व्यवस्थापन कंपनीला ईमेलने पाठवावेत. घर सोडण्याची सूचना करारात लिहिल्याप्रमाणे, बहुधा एक महिना आधी, लेखी द्यावी. अखेरच्या पाहणीला स्वतः हजर राहावे, आणि अवाजवी रकमेच्या कागदावर तेथल्या तेथे सही करू नये. कागद घरी नेऊन वाचतो, असे सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. रकमेवर मतभेद राहिला तर ग्राहक तक्रार केंद्राकडे, १८८ या क्रमांकावर, विनामूल्य सल्ला मिळतो.